लॅटिनच्या लेकींचा अंधार

रात्रीला लॅटिनच्या सगळ्या लेकी एकाच नावाने हाक मारतात. इटालियन ‘नोत्ते’, फ्रेंच ‘न्युई’, स्पॅनिश ‘नोचे’, पोर्तुगीज ‘नोइत’, रोमानियन ‘नोआप्ते’. उच्चार वेगळे, पण मूळ एकच, लॅटिन ‘नोक्स’. आपल्या ‘नक्त’ शब्दाचेही हेच गोत्र. रात्रीसोबत येणाऱ्या अंधाराच्या बाबतीत मात्र ही एकी मोडते. दिवा विझला की इटलीत ‘बुयो’ होतो, फ्रान्समध्ये ‘न्वार’, स्पेनमध्ये ‘ओस्कूरो’, बार्सेलोनात ‘फोस्क’ आणि रोमानियात ‘इन्तुनेरिक’. पाच घरे, पाच शब्द.

लॅटिनकडे शब्द नव्हता म्हणून असे झाले, असेही नाही. ‘तेनेब्राय’ हा जुना आणि भक्कम शब्द तिच्याकडे होता. लेकींनी तो रोजच्या वापरातून का काढला, कोणी टिकवला, कसा टिकवला, आणि त्याच्या जागी बसलेले शब्द आले कुठून, हा रोमान्स भाषांच्या अभ्यासातला जुना प्रश्न आहे. तो आज कुठवर आला आहे, हे या लेखात पाहायचे आहे.

तमिस्रा आणि तेनेब्राय

मराठी वाचकाला या शब्दाची ओळख करून घ्यायला लांब जावे लागत नाही. ‘तेनेब्राय’ आणि संस्कृत ‘तमिस्रा’ हे सख्खे शब्द आहेत. दोन्ही ‘तमस्’च्या मुळातून आले. लिथुआनियन ‘तम्सा’ आणि रशियन ‘त्मा’ हेही त्याच कुळातले. ‘तमिस्रा’तल्या ‘स्र’चा लॅटिनमध्ये ‘ब्र’ झाला, आणि तो नियमानेच झाला. संस्कृत ‘स्वसृ’ म्हणजे बहीण. त्याच मुळावरून लॅटिनमध्ये मावसभावाला ‘सोब्रीनुस’ म्हणू लागले. तिथेही ‘स्र’च्या जागी ‘ब्र’ आहे. राहता राहिला ‘म’. पुढे ‘ब’ आल्यावर एकाच शब्दात ओठांनी उच्चारायची दोन व्यंजने जवळजवळ आली, आणि त्यातल्या पहिल्याचा ‘न’ झाला. व्याकरणात याला विषमीकरण म्हणतात.

आणखी एक साम्य मला फार मोलाचे वाटते. लॅटिनमध्ये ‘तेनेब्राय’ हा स्त्रीलिंगी आणि नेहमी अनेकवचनात येणारा शब्द आहे. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलातले सत्ताविसावे सूक्त आदित्यांची प्रार्थना करते. त्यातही ‘तमिस्रा’ स्त्रीलिंगी अनेकवचनातच आला आहे: लांबच लांब अंधारांनी आम्हाला गाठू नये, अशी ती मागणी आहे. एका ऋचेवरून सिद्धान्त मांडता येत नाही. पण अंधार एक नसून अनेक आहेत ही जाणीव दोन्हीकडे दिसते, आणि स्पॅनिश व पोर्तुगीज हा शब्द आजही बहुधा अनेकवचनातच वापरतात.

‘तेनेब्राय’च्या शेजारी लॅटिनकडे इतरही शब्द होते: झाकोळलेले ते ‘ओब्स्कूरुस’, सावळे-करडे ते ‘फुस्कुस’, काळे ते ‘निगेर’, सावली ती ‘उम्ब्रा’. पुढे लेकींनी अंधाराचा संसार मांडला तो बहुतांशी याच सामानातून.

तद्भव कोण, तत्सम कोण

युरोपातल्या अभ्यासकांना ज्यासाठी लांब स्पष्टीकरण द्यावे लागते, त्यासाठी आपल्याकडे दोन नेमके शब्द आहेत. लोकांच्या तोंडून झिजत, बदलत आला तो तद्भव. ग्रंथातून जसाच्या तसा उचलला तो तत्सम. ‘तेनेब्राय’चे वारस या दोन पंक्तींत बसवून पाहिले की अर्धे चित्र उलगडते.

स्पॅनिश ‘तिनिएब्लास’ घ्या. जुने रूप ‘तिनिएब्रास’. त्यातला ‘इए’ हा दुहेरी स्वर ज्या अवयवावर आघात असेल तिथेच होतो. म्हणजे आघात मधल्या ‘ने’वर होता. ग्रंथांतल्या लॅटिनमध्ये मात्र तो पहिल्या ‘ते’वर धरतात. बोलीत तो मध्यावर सरकला होता, आणि तसे घडलेले हे एकटेच उदाहरण नाही. सापाचा लॅटिन ‘कोलुब्रा’ स्पॅनिशमध्ये ‘कुलेब्रा’ झाला, तोही मधल्या अवयवावरच्या आघातामुळे. पहिल्या शतकातल्या क्विंटिलियनने अशाच ठेवणीच्या एका शब्दात कवितेत आघात मध्ये येतो, अशी नोंद केली आहे. थोडक्यात, स्पॅनिश शब्द पोथीतला नव्हे, जिभेवरचा आहे.

पोर्तुगीज ‘त्रेवश’ तर इतका बदलला आहे की मूळ ओळखू येत नाही. दोन स्वरांमधला ‘न’ गाळणे ही पोर्तुगीजची सवयच. तिने चंद्राच्या ‘लूना’चा ‘लूआ’ केला. तसाच ‘तेनेब्रास’मधला ‘न’ गळला, ‘र’ उडी मारून पुढच्या ‘त’ला चिकटला आणि ‘ब’चा ‘व’ झाला. शेजारच्या गॅलिशियनमध्ये ‘तेब्रास’ आहे, तिथे ‘न’ गळला पण ‘र’ जागचा हलला नाही. हे शब्द शेकडो वर्षे लोकांनी उच्चारल्याशिवाय असे घडत नाहीत.

उलट इटालियन ‘तेनेब्रे’ आणि फ्रेंच ‘तेनेब्र’ पाहा. इटालियनने आघात पहिल्या अवयवावर, पोथीत होता तिथेच, ठेवला आहे. फ्रेंच शब्दही जवळजवळ अखंड उरला आहे. दोन्ही तत्सम. आजही ते काव्यात, धर्मवचनात आणि गंभीर गद्यात शोभतात. जिन्यातला दिवा गेला तर फ्रेंच माणूस ‘तेनेब्र’ म्हणत नाही.

रोमानियन ‘इन्तुनेरिक’ या सगळ्यांहून निराळा. तो ‘तेनेब्राय’ या नामातून सरळ आलेला नाही. त्याच्यावरून बनलेल्या ‘तेनेब्रिकुस’ (अंधारी) या विशेषणाला ‘इन’ हा उपसर्ग लागून तो झाला, असे कोश मानतात. रोमानियन माणूस हाच शब्द दारात उभा राहून, मुलाला हाक मारताना, रोज वापरतो. ‘अंधार आहे’ असे आपण नामाने म्हणतो, तसेच तोही ‘ए इन्तुनेरिक’ असे नामानेच म्हणतो.

रिकाम्या जागी कोण आले

‘ओब्स्कूरुस’चा पसारा सर्वांत मोठा. इटालियनमध्ये ‘ओस्कूरो’ आणि ‘स्कूरो’, स्पॅनिशमध्ये ‘ओस्कूरो’, पोर्तुगीजमध्ये ‘इश्कूरु’, स्वित्झर्लंडच्या डोंगरातल्या रोमान्शमध्ये ‘श्चीर’. पोर्तुगीजने याचे दोन शब्द केले: खोलीतल्या अंधाराला तद्भव ‘इश्कूरु’, आणि दुर्बोध लेखनाला तत्सम ‘ओब्स्कूरु’. जुन्या फ्रेंचमध्ये हा शब्द ‘ब’ गाळून ‘ओस्क्यूर’ होता. पुढे पंडितांनी लॅटिन पाहून ‘ब’ परत बसवला.

कॅटलनने ‘फुस्कुस’ उचलला. तिच्यात ‘फोस्क’ म्हणजे अंधार. त्याच शब्दाचा स्पॅनिश भाऊ ‘ओस्को’ आज घुम्या, तुसड्या माणसाचे वर्णन करतो, आणि पोर्तुगीज ‘फोश्कु’ म्हणजे चकाकी नसलेला. एका सावळ्या रंगातून एकीकडे अंधार निघाला, एकीकडे स्वभाव, एकीकडे पृष्ठभाग. फ्रेंचने सरळ काळा रंगच घेतला: ‘इल फे न्वार’, अक्षरशः ‘काळे आहे’. आपल्या ‘काळोख’मध्येही तो रंग दिसतोच.

रोमानियनमध्ये ‘इन्तुनेरिक’च्या जोडीला गडद अंधारासाठी ‘बेझ्ना’ आहे, आणि तो लॅटिन नव्हे, स्लाव्ह आहे. मूळ अर्थ ‘तळ नसलेले’, म्हणजे अथांग विवर. बायबलमधल्या उत्पत्तीच्या दुसऱ्याच वचनात अथांगावर अंधार पसरलेला आहे, आणि चर्चच्या स्लाव्ह भाषांतरात त्या अथांगाला हाच शब्द आहे. रोमानियन लोकांनी शतकानुशतके स्लाव्ह भाषेतच उपासना ऐकली. खोलीचा शब्द अंधाराकडे सरकला तो या शेजारामुळे, असे मला वाटते. पण हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे. एवढे मात्र ठरते की अंधारासारखा मुळातला शब्द कोणी उसना घेत नाही, हे म्हणणे सरसकट खरे नाही. मराठीने पोर्तुगीजकडून चावी, बादली, पगार, तुरुंग घेतले आणि अंधार आपलाच ठेवला; रोमानियनने निदान एक अंधार शेजाऱ्याकडून घेतला.

कोशांची परंपरा

या शब्दांचा शास्त्रशुद्ध माग काढायला सुरुवात केली ती बॉनच्या फ्रीडरिश दीट्स यांनी. त्यांचा रोमान्स भाषांचा व्युत्पत्तिकोश १८५३ साली निघाला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विल्हेल्म मायर-ल्यूब्के यांचा मोठा कोश आला. त्याची रचना अशी की वर लॅटिन शब्द आणि खाली त्याची लेकरे. वाल्टर फॉन वार्टबुर्ग यांनी १९२२पासून फ्रेंचचा जो कोश काढला तो पंचवीस खंडांवर गेला. स्पॅनिशसाठी जुआन कोरोमिनेस यांचा चिकित्सक कोश १९५४ ते १९५७ या काळात प्रसिद्ध झाला. इटालियनसाठी माक्स फिस्टर यांनी १९७९ साली आरंभलेला कोश अजून चालूच आहे.

दुसरी वाट शब्दाकडून नव्हे, कल्पनेकडून जाते. कार्ल डार्लिंग बक यांनी १९४९ साली शिकागोहून काढलेल्या कोशात इंडो-युरोपीय भाषांतले समानार्थी शब्द कल्पनेनुसार लावले आहेत, आणि त्यात अंधाराला स्वतंत्र जागा आहे. तिथे पाहिले की लक्षात येते, अंधाराचे शब्द फिरून फिरून तीनचार ठिकाणांहूनच येतात: काळा किंवा सावळा रंग, झाकणे, धुके, आणि फार जुने ‘तमस्’.

नकाशा काय सांगतो

जुना शब्द कुठे टिकला आणि कुठे नाही, याचे सर्वांत आकर्षक उत्तर तोरीनोचे प्राध्यापक मात्तेओ बार्तोली यांच्या सिद्धान्तातून मिळते. (आन्तोनिओ ग्राम्शी हे त्यांचेच विद्यार्थी.) १९२५च्या आपल्या ग्रंथात त्यांनी नियम मांडला: नवे शब्द मध्यातून निघतात, कडेच्या प्रदेशांत पोचेपर्यंत त्यांचा जोर सरतो, म्हणून जुने शब्द कडांना टिकतात. सुंदर या अर्थाचा ‘फोर्मोसुस’ पश्चिमेला स्पॅनिशमध्ये ‘एर्मोसो’ आणि पूर्वेला रोमानियनमध्ये ‘फ्रुमोस’ म्हणून उरला. मध्ये इटली-फ्रान्समध्ये ‘बेल्लुस’ बसला. मेजाला स्पेनमध्ये ‘मेसा’, रोमानियात ‘मासा’; मध्ये ‘ताव्होला’ आणि ‘ताब्ल’.

अंधाराचा नकाशा या नियमात अगदी बेतल्यासारखा बसतो. तद्भव रूपे पोर्तुगाल, गॅलिसिया आणि स्पेनमध्ये एका टोकाला, रोमानियात दुसऱ्या टोकाला. मध्ये ‘बुयो’ आणि ‘न्वार’.

यावरचे आक्षेपही तेवढेच खरे आहेत. दोन्ही टोकांचे शब्द एक नाहीत: पश्चिमेला नाम टिकले, पूर्वेला विशेषणावरून बनलेला शब्द. शिवाय टिकणे म्हणजे रोज वापरात असणे नव्हे. ‘त्रेवश’ आणि ‘तिनिएब्लास’ घडणीने तद्भव असले तरी आज गंभीर प्रसंगाचेच शब्द आहेत. लिस्बनच्या घरात अंधार ‘इश्कूरु’च असतो. बार्तोलींचा नकाशा शब्दाचे रूप दाखवतो, त्याचा दर्जा दाखवत नाही.

चर्चचा वाटा

दुसरे मत सांगते की हा शब्द तगला तो उपासनेमुळे. जेरोमच्या लॅटिन बायबलमध्ये ‘तेनेब्राय’ पहिल्याच पानावर भेटतो. पवित्र आठवड्याच्या शेवटच्या तीन दिवसांच्या पहाटेच्या उपासनेला, जी पुढे आदल्या संध्याकाळी होऊ लागली, हेच नाव पडले. तिकोनी दीपमाळेवरच्या पंधरा मेणबत्त्या स्तोत्रागणिक एकेक विझवत नेतात, शेवटची तेवढी लपवतात, आणि मग अंधारात लाकडी आवाज करतात. १७१४ साली कुपरँने याच उपासनेसाठी रचलेले संगीत फ्रेंचमध्ये ‘तेनेब्र’च्याच नावाने ओळखले जाते. पोर्तुगीजमध्ये त्या आठवड्यातल्या बुधवारला ‘त्रेवश’चा बुधवार म्हणतात. पोप पायस बारावे यांनी १९५५ साली पवित्र आठवड्याच्या उपासनेचे वेळापत्रक बदलले आणि ही प्रथा बहुतेक ठिकाणी मागे पडली.

दरवर्षी तीन दिवस गावाच्या डोळ्यांदेखत अंधार घडवला जात असेल, तर त्याचे नाव गावाच्या तोंडी राहणारच. इटालियन आणि फ्रेंच रूपे तत्सम का, याचेही उत्तर यात मिळते: ती ज्या पोथीतून ऐकू येत होती, तिच्यासारखीच राहिली. आपल्याकडे ‘तिमिर’ असाच जपला गेला. ज्ञानेश्वरांच्या पसायदानातून तो घरोघर पोचला, पण दिवे गेल्यावर कोणी ‘तिमिर झाला’ म्हणत नाही.

या मताची खरी कसोटी मात्र रोमानियात लागते. तिथली उपासना लॅटिनमध्ये नव्हतीच. लॅटिन चर्चचा आधार नसताना ‘इन्तुनेरिक’ टिकला, आणि पाचही घरांत रोजच्या वापरात उरलेला ‘तमस्’चा वंशज तो एकटाच. चर्चने मधल्या प्रदेशांत या शब्दाला वाचवले हे मान्य करू. पण तो फक्त चर्चमुळे वाचला, असे म्हणता येत नाही.

बोलणाऱ्याची गरज

तिसरे मत बोलणाऱ्या माणसाकडे पाहते. अंधाराचा शब्द वापरून बोथट होतो, आणि माणसाला त्याला पुन्हा धार लावावीशी वाटते. आपण ‘मिट्ट’, ‘किर्र’, ‘गुडुप’ जोडतो ते याचसाठी. पोर्तुगीज अंधाराला डांबराची उपमा देतो. त्याचा ‘ब्रेऊ’ म्हणजे डांबर, आणि घोर अंधारही. रंगाचा, विवराचा किंवा डांबराचा शब्द अंधाराच्या जागी येतो तो डोळ्यांना काही दिसावे म्हणून. हे मत मला पटते, पण त्याची मर्यादाही ध्यानात ठेवली पाहिजे: बदल का होतो हे ते सांगते, फ्रान्समध्ये काळा रंग आणि कॅटलोनियात सावळा रंगच का निवडला गेला, हे सांगत नाही.

न सुटलेल्या गाठी

सर्वांत देखणी गाठ ‘बुयो’ची आहे. दान्तेच्या महाकाव्यात ‘ओस्कूरो’, ‘तेनेब्रे’ आणि ‘बुयो’ तिन्ही आहेत. शुद्धिलोकाच्या सोळाव्या सर्गाचा तर पहिलाच शब्द ‘बुयो’ आहे. म्हणजे इसवी सन १३०० नंतर लगेचच तो प्रतिष्ठित होता. पण तो आला कुठून? प्रचलित उत्तर असे: ग्रीक ‘पुर्रोस’ म्हणजे आगीच्या रंगाचा. त्याचा जुन्या लॅटिनमध्ये ‘बुर्रुस’ झाला. आज ज्याला आपण लाल म्हणतो त्याला पूर्वज ‘बुर्रुस’ म्हणत, अशी नोंद फेस्तुसच्या कोशाच्या संक्षेपात आहे, आणि एन्नियुस हा कवी राजा पिर्‍हसचे नाव ‘बुर्रुस’ असे लिही, असे सिसरो सांगतो. या ‘बुर्रुस’वरून ‘बुरियुस’ असे रूप झाले असावे आणि त्याचे तोस्कानी उच्चारात ‘बुयो’ व्हावे, हे ध्वनिनियमाला धरून आहे. चामड्याचा ‘कोरियुम’ तिथे असाच ‘कुओयो’ झाला.

अडचण दोन ठिकाणी. ‘बुरियुस’ कुठेही लिहिलेला सापडलेला नाही, तो तर्काने उभा केलेला आहे. आणि आगीचा लाल रंग अंधाराला कसा चालला? दुसऱ्या शंकेचे उत्तर मला समाधानकारक वाटते. लालसर तपकिरी ते काळपट ही वाट युरोपात तुडवलेली आहे. तपकिरी रंगाच्या ‘ब्रून’ या जर्मानिक शब्दावरूनच इटालियनमध्ये तिन्हीसांजेला ‘इम्ब्रुनीरे’ आणि फ्रेंचमध्ये ‘ब्र्यून’ म्हणतात. पहिली शंका मात्र एखादे जुने हस्तलिखित सापडेपर्यंत तशीच राहील.

स्पॅनिशमधल्या ‘लोब्रेगो’चा (अंधारलेला, उदास) वादही मिटलेला नाही. काहींना त्यात शोकाचा लॅटिन ‘लूगुब्रिस’ दिसतो. कोरोमिनेस यांनी निसरड्याच्या ‘लूब्रिकुस’चा पक्ष घेतला. सावलीच्या ‘सोम्ब्रा’त ‘उम्ब्रा’ तर उघड आहे, पण पुढचा ‘स’ ‘सुब’ उपसर्गाचा की सूर्याच्या ‘सोल’चा, यावर मतभेद आहेत.

आणि ‘इन्तुनेरिक’. त्याचा आघात ‘ने’वर आहे, आणि ‘तेनेब्रिकुस’मध्येही तो तिथेच पडतो, इथवर सारे जुळते. पण ‘ते’चा ‘तु’ का झाला आणि ‘ब्र’मधला ‘ब’ गेला कुठे, याचे एकमुखी उत्तर नाही. विषमीकरण, दुसऱ्या शब्दाशी झालेली सरमिसळ, असे खुलासे दिले गेले आहेत. त्यांतला कोणताही दुसऱ्या रोमानियन शब्दांवर भरपूर पडताळून दाखवलेला नाही.

पोथी आधी की बोली आधी

या गाठींच्या मागे पद्धतीचा एक मोठा वाद आहे. २००८ साली नान्सीच्या एव्हा ब्यूकी आणि जर्मनीतल्या सारलांडचे वोल्फगांग श्वाइकार्ड यांनी नव्या रोमान्स व्युत्पत्तिकोशाचे काम हाती घेतले. त्यांचे म्हणणे असे की लिखित लॅटिनपासून सुरुवात करू नका. संस्कृत, ग्रीक, लॅटिन पडताळून जशी त्यांची पूर्वभाषा उभी केली, तशी स्पॅनिश, इटालियन, रोमानियन पडताळून लोकांच्या तोंडची लॅटिन उभी करा, आणि मग ग्रंथांतल्या लॅटिनशी ताडून पाहा. आल्बेर्तो व्हार्व्हारो यांनी यावर सविस्तर टीका केली. हजारो पाने लिखित पुरावा हाताशी असताना तो बाजूला ठेवून पुनर्रचना करणे म्हणजे संपत्ती असून उपवास करणे, असा त्यांच्या आक्षेपाचा आशय.

अंधाराच्या शब्दावर दोन्ही पद्धती लावून पाहता येतात. खालून वर गेले तर आघात मधल्या अवयवावर असलेला बोलीतला शब्द आपोआप हाती येतो, जो पोथी लपवते. पण फक्त खालून गेले तर ‘बुर्रुस’ म्हणजे लाल हे फेस्तुसखेरीज कोण सांगणार? ‘तिनिएब्लास’साठी नवी पद्धत सरस ठरते, ‘बुयो’साठी जुनी. निदान या शब्दापुरता मी कोणत्याही एका पक्षाला कौल देणार नाही.

नकाशाचे मत आणि चर्चचे मत मात्र एकमेकांचे वैरी आहेत असे मानण्याचे कारण उरलेले नाही. मधल्या प्रदेशांतल्या तत्सम रूपांचा खुलासा चर्च करते, कडांच्या तद्भव रूपांचा नकाशा करतो. पश्चिमेच्या कडेला दोघांचे काम एकत्र झाले: घडण लोकांची, मान चर्चचा. पूर्वेच्या कडेला चर्चविना काम झाले. म्हणून पुढचे संशोधन व्हायचे तर ते रोमानियनमधून सुरू व्हावे, असे माझे मत आहे. तिथल्या आणि डॅन्यूबच्या दक्षिणेकडच्या अरोमानियन बोलींतली या शब्दाची सगळी रूपे एकत्र मांडली, तर त्या हरवलेल्या ‘ब’चा माग लागण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. बुखारेस्टमध्ये संध्याकाळी दिवे गेले तर लोक आजही ‘ए इन्तुनेरिक’ असेच म्हणतात.